पश्चिमेला पंच्याण्णव मीटर

नॅसेल, वॉशिंग्टन
१७ ऑक्टोबर २००४, रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय हेल्मीताईस,

धाकट्या आर्वोचा नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण गेल्या तीन पत्रांत तुझ्यापेक्षा त्याचीच खुशाली जास्त होती. स्पोकेनच्या डॉक्टरांनी त्यात सुई घातली तिचा काही गुण आला का? मांजर कसं आहे? (त्याचं नाव मी पुन्हा विसरलो. रागावू नकोस, त्यालाही माझं आठवत नसणार.) इकडे माझी तब्येत बरी आहे. सफरचंदं यंदा बारीक आणि आंबट निघाली. सौनाच्या धुराड्याची वरची वीट पडली ती मी स्वतः शिडी लावून बसवली, आणि 'बहात्तराव्या वर्षी शिडीवर कशाला चढलास' हे तू पुढच्या पत्रात लिहिणार आहेस ते मी वाचलं असं समजून पुढे जातो.

नाताळनंतर तुला पत्र नाही, कारण मी शिकत होतो. काय शिकत होतो ते सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो की या सगळ्याचं मूळ तूच आहेस. तुझ्या नाताळच्या पत्रात गुडघा आणि मांजर यांच्यामध्ये एक ओळ होती. सिल्वी हल्ली सुट्टीच्या दिवशी हातात यंत्र घेऊन रानात लपवलेले डबे शोधत फिरते, आणि त्या मंडळींत तिनं आपलं नाव 'ओले मोजे' असं ठेवलं आहे. तू सहज लिहून मोकळी झालीस. मी ती ओळ नाताळपासून ईस्टरपर्यंत वाचत होतो. चार वर्षांत माझ्या मुलीची मला मिळालेली ही एवढीच बातमी.

का, ते तुला ठाऊकच आहे, तरी लिहितो, म्हणजे मनातून जातं. इर्मा आजारी होती तेव्हा तिनंच मला सांगितलं होतं की पोरीला कळवू नको, तिचं तिकडे प्रयोगशाळेत महत्त्वाचं काम चाललंय, उगाच धावत येईल. मी बायकोचं ऐकलं, एवढाच माझा गुन्हा. (लग्नाच्या एकेचाळीस वर्षांत मी तिचं ऐकत नाही अशीच सगळ्यांची तक्रार होती, हेही लक्षात घे.) सिल्वी आली तेव्हा आई गेलेली होती. मग मातीनंतर चर्चच्या दालनात, कॉफीचे पेले आणि वेलदोड्याचा पाव हातात घेतलेल्या सगळ्या गावासमोर, तिनं विचारलं की मला का नाही कळवलंत, आणि मी म्हणालो, "एवढ्या लांबून येऊन तू काय करणार होतीस?" ते वाक्य मी परत घ्यायला हवं होतं. तिनं पेला खाली ठेवला, कोट घातला आणि गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही, आणि माझी पत्रं जशी जातात तशीच परत येतात. एकूण सात. ती मी पिठाच्या डब्यामागे ठेवली आहेत.

तर तो खेळ असा आहे, ताई. कोणीतरी रानात, पुलाखाली, दगडांच्या फटीत एक डबा लपवतो. डब्यात एक वही, एक पेन्सिल आणि शाळकरी पोराच्या खिशात सापडेल असला किरकोळ माल. मग तो त्या जागेचे अक्षांश-रेखांश संगणकावर जाहीर करतो. बाकीची मोठी माणसं (कर भरणारी, मतदान करणारी) उपग्रहांना विचारत विचारत तिथे जातात, वहीत नाव लिहितात, डब्यातली एखादी वस्तू घेतात, आपली एखादी ठेवतात, डबा होता तसा लपवतात आणि घरी येऊन त्याची हकिगत संगणकावर लिहितात. बस्स. मीही मोजणीदार म्हणून चाळीस वर्षं रानात हद्दीचे खुंट शोधत हिंडलो, पण मला त्याचा पगार मिळायचा. यात आणखी एक हौस म्हणजे नवा डबा जाहीर झाला की वहीतली पहिली ओळ आपली असावी म्हणून धावत सुटायचं. सिल्वी राहते त्या कॉर्व्हॅलिसच्या आसपास तो मान बहुतेक वेळा ओल्या मोज्यांचा असतो, हे मी ग्रंथालयातल्या संगणकावर पाहिलं. माझ्या अक्षरातलं पाकीट ती उघडत नाही. पण डबा ती उघडणारच. मी तिच्या गावात जाऊन एक डबा लपवणार आणि त्यात पत्र ठेवणार, असं ठरवलं.

ही युक्ती मी पहिल्यांदा रेइनोला सांगितली. (रेइनो लाहती, खालच्या वळणावरचा, आयुष्यभर नदीत सॅमन धरणारा. चर्चच्या सहलीत तुझ्या पाठीवर मधमाशी बसली म्हणून ज्यानं तुला टोपीने बडवलं होतं तोच. आता शहात्तर वर्षांचा आहे आणि एका कानाने ऐकतो, तेही सोयीनं.) तो सौनाच्या वाफेत वरच्या फळीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग दगडांवर पाणी टाकून म्हणाला, "लेका आर्वो, सरळ गाडी काढ, तिच्या दारात जा, आणि चुकलो म्हण. चार तासांचा रस्ता आहे." मी म्हणालो, पावणेचार. तो म्हणाला, "बघ, अजून मोजतोयस." पण दुसऱ्या दिवशी सकाळी मदतीला हजर झाला, कारण त्यालाही दुसरं काम नाही.

संगणक ग्रंथालयानेच टाकायला काढलेला मिळाला. त्याचा पडदा वासराएवढा जड आहे. तो आम्ही इर्माच्या शिवणाच्या टेबलावर ठेवला, मशीन खाली उतरवून. (मशीनवर चादर घातली आहे. काळजी करू नकोस.) टेलिफोनची तार त्याच्या पाठीत खुपसली की तो किंचाळतो आणि मग जगाशी जोडला जातो, पण तेवढा वेळ घरचा फोन बंद, त्यामुळे रेइनोला फोनवर सांगता येण्यासारखी गोष्टही तो चालत येऊन सांगू लागला आणि माझी कॉफी दुप्पट संपू लागली. या खेळाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवताना त्याने मला विचारलं की तुम्हाला काय हवं. (नेमके शब्द वेगळे असतील, मी चष्मा शोधत होतो.) दुकानात शिरल्यावर असं कोणी विचारलं की आपण जे म्हणतो तेच मी टंकलं, 'नुसतं बघतोय'. तर तेच माझं नाव झालं. आता त्या जगात मला सगळे नुसतं बघतोय याच नावाने ओळखतात. एका अर्थी बरंच झालं, सिल्वीला संशय यायला नको होता.

मग उपग्रहांचं ऐकणारं यंत्र आलं, पिवळं, साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं. आणि तिसरी एक खिशात मावणारी पाटी आली. तिला वेगळं नाव आहे, पण मी पाटीच म्हणतो, कारण तिच्यावर काडीने लिहायचं असतं. पाटी कशाला, तर यंत्रात जागेचे नुसते आकडे मावतात. डबा केवढा आहे, आधी आलेल्यांनी काय लिहिलंय, लपवणाऱ्याने काय खूण दिली आहे, हे सगळं पाटीत भरून रानात न्यायचं. पण आपली अक्षरं पाटीला चालत नाहीत. तिची स्वतःची बाराखडी आहे, आडव्या रेघा गाळलेली, आणि ती मी जून महिनाभर गिरवली. सेल संपले की ती शिकवलेलं सगळं विसरते आणि तिला त्याचं काही वाटतही नाही. (रेइनो म्हणाला, असे सेल मलाही हवेत.)

यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक सात भाषांत होतं. रेइनोने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा चाळलं आणि त्याचा चेहरा काळवंडला. "स्वीडिश आहे," तो म्हणाला, "आणि आपली फिनिश नाही." मी म्हणालो, अरे, तू इथेच जन्मलास, इंग्रजी वाच. "प्रश्न वाचण्याचा नाही. त्यांची आहे आणि आपली नाही!" त्या दिवशी त्यानं यंत्राला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, पण पुस्तक उलटं ठेवून.

आणि मग नऊ दिवस वाया गेले ते असे. संगणकाच्या पाठीला नऊ टाचण्यांची एकच जागा. यंत्राची तारही तिथेच लागते आणि पाटीचं बूडही तिथेच. एक काढून दुसरं लावायचं, एवढं आम्हाला समजलं होतं. पण पाटी काढून यंत्र लावलं की संगणक म्हणे, समोर कोणी नाही. मी तार बदलली, सेल बदलले, यंत्र अंगणात नेऊन आकाश दाखवलं. रेइनोने टाचण्यांना माशाचं तेल लावलं. (नंतर ते काडीला कापूस गुंडाळून पुसावं लागलं.) दहाव्या दिवशी ग्रंथालयातल्या बाईंनी फोनवर उलगडा केला. पाटी काढली तरी पाटीचा कार्यक्रम संगणकात जागाच असतो आणि ती जागा धरून बसतो. चर्चमध्ये बाकावर टोपी ठेवून आपले एइनोकाका बाहेर तंबाखू ओढायला जायचे आणि ती टोपी हलवायची कोणाची छाती नव्हती, तसं. आम्ही टोपी हलवली. यंत्राने टुंग केलं आणि एका झटक्यात चोवीस डबे त्याच्या पोटात गेले. रेइनोने आणि मी हस्तांदोलन केलं, जे आम्ही त्याच्या लग्नातही केलं नव्हतं.

आता जे लिहितो ते नीट वाच, कारण माझी फजिती इथे आहे. यंत्र पृथ्वी कोणत्या मांडणीने मोजणार ते आपण ठरवायचं असतं. (पृथ्वी धड गोल नाही, ती किती चपटी धरायची आणि मोजणी कुठून सुरू करायची याच्या निरनिराळ्या मांडण्या आहेत. तुझ्या गुडघ्याचं माप दोन डॉक्टरांनी दोन प्रकारे घ्यावं तसं.) माझे सगळे नकाशे, ज्यांवर मी उभं आयुष्य काढलं, ते १९२७ च्या मांडणीतले. यंत्र कारखान्यातून १९८४ ची घालून येतं. मी यंत्र घेऊन पोस्टाजवळच्या मोजणीच्या पितळी खुणेवर उभा राहिलो. ती खूण आणि मी १९५८ पासून एकमेकांना ओळखतो. यंत्राचा आकडा आणि नकाशाचा आकडा यांत पंच्याण्णव मीटरचा फरक! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नकाशा जुना आहे. मी म्हणालो, उपग्रह चुकले. मी यंत्राला १९२७ ची मांडणी लावली, आकडे तंतोतंत जुळले, आणि मला इतका आनंद झाला की मी पोस्टातल्या बाईंना बाहेर बोलावून दाखवलं. त्या छान म्हणाल्या आणि आत गेल्या.

उन्हाळाभर आम्ही सराव केला. रेइनो दोनदा ब्लॅकबेरीच्या जाळीत अडकला. आतून ओरडायचा, "यंत्र काय म्हणतंय?" मी म्हणायचो, पोचलो म्हणतंय. "मग त्याला म्हणावं, तू ये आत!" अकरापैकी नऊ डबे सापडले. सहावा आपल्याच चर्चच्या दफनभूमीच्या मागे, कुंपणाच्या पोकळ खांबात होता. मी वही उघडली आणि चौथ्या ओळीवर सिल्वीचं अक्षर. ओले मोजे, १२ मे. १२ मे म्हणजे इर्माचा वाढदिवस. म्हणजे पोरगी आईला भेटायला पावणेचार तास गाडी चालवत आली होती, आणि माझं घर तिथून एक मैल आहे, आणि त्या दिवशी मी घरीच होतो, पन्हाळीला रंग देत होतो. शिडीवरून तो रस्ता दिसतो. मला फार वाईट वाटलं, ताई. मी तिथेच खाली बसलो. रेइनोने त्याच्या डब्यातला धुरावलेला सॅमन काढला आणि एक तुकडा माझ्या हातात दिला. तिच्या ओळीखाली मला माझं नाव लिहायचं होतं. काय लिहिणार? नुसतं बघतोय, असं लिहिलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कॉर्व्हॅलिसला गेलो. गावाच्या कडेला ओकच्या झाडांचं एक छोटं उद्यान आहे, तिथल्या बाईंची मी रीतसर परवानगी काढली. डबा म्हणून रेइनोची खारवलेल्या हेरिंग माशांची बरणी, सात वेळा धुतलेली. आत वही, पेन्सिल, रेइनोने दिलेली जाळ्याची दोन शिशाची वजनं, आणि तळाशी पाकीट, वर फक्त 'सिल्वी'. आतलं पत्र लिहायला मला तीन दिवस लागले होते. एका वाकड्या ओकच्या मुळाखाली बरणी ठेवली, दगड लावले आणि मग दोन तास तिथे उभं राहून मी यंत्राचे साठ आकडे घेतले, त्यांची सरासरी काढली, वहीत शाईने लिहिली. उभ्या आयुष्यात मी एवढी काळजीपूर्वक जागा मोजली नव्हती. रेइनो म्हणाला, सरकारी धरण बांधतोयस का?

२ ऑक्टोबरला, शनिवारी, सकाळी पावणेसातला डबा जाहीर झाला. मी दाढी करून, स्वच्छ सदरा घालून संगणकासमोर बसलो होतो. (का, ते विचारू नकोस.) दुपारपर्यंत सात हकिगती आल्या आणि सातांपैकी एकालाही डबा सापडला नव्हता. पहिल्याने लिहिलं होतं की खूण ख्रिसमसच्या झाडांच्या लागवडीत पडते, कुंपणापलीकडे. दुसऱ्याने लिहिलं की मी पोचलो तेव्हा पहिला तिथेच होता. चौथी एक बाई, तिला झाडांचा मालक भेटला आणि त्याचा कुत्राही. सातव्याने लिहिलं की मालकाने आता कुंपणावर फलक लावला आहे, 'इथे डबा नाही, घरी जा'. डबे तपासणारे जे एक स्वयंसेवक असतात त्यांनी मला अदबीनं विचारलं की आकडे एकदा पाहाल का. मी त्यांना माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीविषयी सविस्तर उत्तर पाठवलं. रेइनोने ते वाचलं आणि म्हणाला, "सगळं आलं यात. फक्त डबा कुठे आहे तेवढं राहिलं."

दुपारी चारला आठवी हकिगत आली. जशीच्या तशी उतरवतो. 'ओले मोजे. डबा सापडला. दिलेल्या जागेपासून पश्चिमेला पंच्याण्णव मीटर. डब्याचे मालक १९२७ च्या मांडणीवर चालतात. इतरांसाठी बरोबर आकडे खाली देत आहे. बरणी पुन्हा धुवावी. काही घेतलं नाही, काही ठेवलं नाही.'

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तारेतून जाणारे आकडे संगणक आणि यंत्र आपसांत बरोबर समजून घेतात, मांडणी कुठलीही असो, म्हणून उन्हाळाभर माझी चूक झाकून राहिली. माझ्या डब्याचे आकडे मात्र मी पडद्यावरून डोळ्यांनी वाचले होते, ते १९२७ चे, आणि साऱ्या जगाने ते १९८४ चे समजून वाचले. पण ते राहू दे. रेइनो माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो म्हणाला, "ओळखलं रे तिनं तुला." आणि खरंच, बाकीचे सात जण झाडांत घुटमळून परत गेले. ती एकटी तिथे उभी राहिली असेल, हातातल्या यंत्राकडे बघितलं असेल, आणि सरळ पश्चिमेला चालू लागली असेल. उपग्रहाच्या यंत्राला १९२७ शिकवणारी माणसं या किनाऱ्यावर फार तर सहा निघतील, त्यांतली पाच मातीत आहेत. शिवाय हेरिंग. तिनं ओळखलं, आणि तरी गाडीत बसून निघून न जाता ती डब्यापर्यंत गेली. या एका गोष्टीवर मी तीन दिवस काढले.

बुधवारी आम्ही पुन्हा कॉर्व्हॅलिसला गेलो. (माझ्या मनात 'काही घेतलं नाही' एवढंच घोळत होतं. या मंडळींत ते सगळेच लिहितात, त्याचा अर्थ इतकाच की डब्यातला माल आहे तसा आहे. पण मालात माझं पत्रही होतं.) दगड मी लावले होते त्यापेक्षा नीट लावलेले. वहीत पहिल्या ओळीवर तिचं नाव, वेळ, आणि खाली बरोबर आकडे, सातला मधे आडवी रेघ, जशी मी तिला शिकवली होती. तळाशी पाकीट होतं. फोडलेलं. पत्र वाचून, घडी घालून, परत आत ठेवलेलं.

ती अकरा वर्षांची असल्यापासून चार उन्हाळे माझ्याबरोबर रानात यायची, मोजणीची पट्टी धरायला. तिच्या वहीत आकडा चुकला की मी कधी खोडायचो नाही आणि बरोबर आकडाही सांगायचो नाही, नुसतं समासात लिहायचो, 'पुन्हा मोजा'. ती रडकुंडीला येऊन परत त्या टेकडीवर चढायची. (इर्मा म्हणायची, अरे, ती पोर आहे, तुझी नोकर नाही.) तर माझ्या पत्रात, 'तुला कळवू नये ही आईचीच इच्छा होती' असं जिथे लिहिलं होतं, तिथे समासात पेन्सिलीने दोन शब्द होते. पुन्हा मोजा.

आता यात मोजण्यासारखं काय आहे, मला समजत नाही. रेइनोला मी पत्र दाखवलं नाही. त्यानंही विचारलं नाही, येताना सबंध रस्ता गाडीत नदीकडे बघत होता. मी यंत्राची मांडणी बदलली आहे, झाडांच्या मालकाला माफीचं पत्र आणि धुरावलेला सॅमन पाठवला आहे, आणि संगणकावर चादर टाकली आहे. असा हा सगळा प्रकार. म्हातारपणी माणसाने नवीन काही शिकू नये, दुसरं काय. गुडघ्याला जप, मांजराला पाठीवरून हात फिरव, आणि शिडीबद्दल लिहायचं ते लिही.

तुझा धाकटा,
आर्वो

ता. क. पाटी तुला हवी असेल तर पाठवतो. पाककृती लिहून ठेवायला बरी पडेल. सेल असेपर्यंत त्या राहतील.

ता. क. २. रेइनो नमस्कार सांगतो आणि विचारतो की हेल्मी अजून तशीच फटकळ आहे का. मी हो म्हणालो. तो खूश झाला. याचा अर्थ तू लावायचा तो लाव.

ता. क. ३. सोमवार. हे पत्र पाकिटात घालून पोस्टाच्या दारापर्यंत गेलो आणि परत आणलं. ताई, वर तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय ते खरं नाही. इर्मानं कळवू नको असं कधीच सांगितलं नव्हतं. मंगळवारी ती मला म्हणाली, सिल्वीला बोलाव. मी म्हणालो, उद्या करतो. बुधवारी नर्ससमोर पुन्हा म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन फोन उचलला आणि ठेवून दिला, कारण आई मरते आहे हे वाक्य मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं असतं, आणि म्हटलं की ते खरं झालं असतं. गुरुवारी तिला बोलता येत नव्हतं. ती दाराकडे बघत होती. दुपारी गेली. शुक्रवारी सकाळी सिल्वीने फोनवर विचारलं, आधी का नाही कळवलंत, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आईचीच इच्छा होती. मग तेच चर्चमध्ये सांगितलं, तेच तुला लिहिलं, तेच परत आलेल्या सातही पत्रांत आहे. इतक्यांदा सांगितलं की अलीकडे मलाही ते आठवू लागलं होतं. त्या पोरीने चार वर्षं असं मानलं की आईला ती नको होती. नर्सने तिला नंतर काही सांगितलं की तिनं स्वतःच ओळखलं, मला माहीत नाही.

ता. क. ४. तुझ्याकडे एकच मागणं आहे. हे सगळं पत्र, गुडघा, मांजर, रेइनो, सगळं, काही न गाळता तिला पाठव. पाकिटावर पत्ता तुझ्या अक्षरात घाल, तुझं पाकीट ती उघडते. याच्या खालचं तिच्यासाठी आहे.

सिल्वी,
पुन्हा मोजलं. आईने तुला मंगळवारी बोलावलं होतं, आणि बुधवारीही. मी तुला शुक्रवारी कळवलं. तीन दिवसांची चूक आहे, आणि ती माझी आहे. मला माफ कर.
बाबा